डावा पाय न लागणारी गाडी

ज्या दिवशी मी देवीशी बोलणं बंद केलं, तो दसऱ्याचा दिवस होता. राग यायला कारणही तसंच होतं. तिच्या नावानं पूजा करायला गेले आणि त्या पूजेपायीच माझी गाडी मोडली.

गाडीचं आधी सांगते. माझे वडील मुंबईत एका शेठकडे जन्मभर ड्रायव्हर होते. शेठ गेले, मुलांनी बंगला विकला, तेव्हा त्यांची जुनी अमेरिकन गाडी कुणालाच नको होती, कारण ती पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. ती बाबांना मिळाली. आम्ही मीरा रोडला शांती नगरात तळमजल्यावर राहायला आलो, तशी तीही आमच्या मागोमाग आली आणि खिडकीखाली उभी राहिली. लोक हसायचे. दोन खोल्यांचं घर आणि दारात ही एवढी मोठी, शेपटीला पंख असलेली गाडी! पण ती ऑटोमॅटिक होती. तिला क्लच नव्हता, म्हणजे डाव्या पायाचं कामच नव्हतं. माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. पायाला आधाराच्या पट्ट्यांचं कॅलिपर लावून, काठी घेऊन मी चालते. बाबांनी मला गाडी शिकवली तेव्हा एवढंच म्हणाले होते की, बाय, या गाडीला तुझं काहीच कमी नाही. जगात इतर सगळीकडे मी लंगडत जायचे. त्या सीटवर बसले की लंगडणं संपायचं. हे सुख ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याला सांगून कळायचं नाही.

आमचं गाव रत्नागिरीकडे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी तिथं घरोघरी येते. चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे लावलेली, गुलालानं माखलेली देवी आपल्या अंगणात येऊन टेकते, बायका तिची ओटी भरतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळं अंगण ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतं. आई गेल्यापासून आमचं जाणं सुटलं होतं. बाबांची नजर हळूहळू पार गेली होती आणि शिमग्याच्या गर्दीत एका आंधळ्या म्हाताऱ्याला घेऊन एका पायाची बाई एसटीत चढणार कशी? आमच्या घराचं दार चुलतभाऊ उघडायचा आणि पालखी परक्या हातानं नारळ घेऊन पुढे जायची. दरवर्षी त्या दिवसांत बाबा खिडकीत बसून राहायचे आणि न विचारता सांगायचे, आता देवी वरच्या वाडीत असेल, आता आपल्या पाणंदीला लागली असेल.

त्या वर्षी गणपतीनंतर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, “मी जन्मभर दुसऱ्याला मागं बसवून नेलं. एकदा मला मागं बसून गावाला जायचंय. गाडी तू चालवायची.” त्यांचा श्वास तेव्हाच उथळ झाला होता, डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं होतं. पुढचा शिमगा मिळेल, त्याच्या पुढचा मिळेल असं कुणी म्हणत नव्हतं. भाड्याची गाडी करून जाता आलं असतं, मी सुचवलंही. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. खरं तर तो नकार मलाही हवा होता. देवीच्या दारात मी स्वतः गाडी घेऊन जावं, ही आस त्यांच्याइतकीच माझी होती.

म्हणून दसऱ्याला गाडीची पूजा थाटात करायची ठरवली. गाडी पुजायची तर ती खालूनही स्वच्छ हवी, हा हट्ट माझा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. बिचारा भला माणूस, सणाच्या दिवशीही आला. त्यानं गाडी उचलायला जॅक लावला तो नेमका गिअरबॉक्सखाली. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना तिथं बिडाचं दणकट आवरण असतं, त्यावर हत्ती उभा केला तरी काही होत नाही. या गाडीचं हाउसिंग निघालं ॲल्युमिनियमचं. सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि लाल तेल फरशीवर पसरायला लागलं. ऑटोमॅटिक गाडीचं तेल लालच असतं, पण झेंडूच्या माळेखालून ते वाहताना पाहून वरच्या मजल्यावरची बाई दचकून आत गेली. बाबांना काही दिसत नव्हतं. त्यांनी खिडकीतून वास घेतला आणि विचारलं, “गिअरचं तेल ना ग?”

मी पूजेचं ताट तसंच आत नेऊन ठेवलं आणि देवीला म्हटलं, तुला माझं येणं नकोच असेल तर तसं सांग, माझी सेवा घेऊन मला मारू नकोस. त्यानंतर दिवा लावायचे, पण मुक्यानं.

उस्मानभाई नावाचे आमचे मेकॅनिक होते. त्यांनी हाउसिंग उतरवलं. केसासारखी तड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. असलं हाउसिंग इथं मिळणं मुश्कील, पण भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत आर्गन वेल्डिंग करणारे चांगले हात आहेत, तिथं जोडून बघू, असं ते म्हणाले. रिक्षात ते धूड मध्ये ठेवून आम्ही दोघं दोन बाजूंना अंग चोरून बसलो आणि भाईंदर गाठलं. वेल्डिंग देखणं झालं. गाडी सुरू झाली, सोसायटीच्या फाटकापर्यंत गेली, आणि तिथंच गुरगुरून अडली. उस्मानभाईंनी पुन्हा सगळं उतरवून पाहिलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं हाउसिंग अगदी जरासं वाकलं होतं आणि आतले दांडे एका रेषेत फिरेनात. मग कुर्ल्याचा भंगार बाजार झाला, मुंबईतले जुन्या गाड्यांचे शौकीन झाले, कुणाकुणाला फोन झाले. गाडी होती, हाउसिंग नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांना ते द्यायचं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बाबा आता खिडकीपर्यंतही धरून न्यावे लागत होते. मी चिडून बसले की ते मात्र थट्टा करायचे की, देवीवर कशाला रुसतेस, ती काय गॅरेज चालवते?

माघ सरत आला तेव्हा मी हरले. बाबांजवळ बसून सांगितलं की गाडी भंगारात देऊ, निदान रोज डोळ्यांसमोर तरी राहणार नाही. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “तुझी आहे. तू ठरव. गावाला जायचं असेल तर देवी नेईल, नसेल तर इथनं हात जोडू.” त्या रात्री पहिल्यांदाच माझा राग संपला. काही मागावंसंच वाटेना. आपल्या हातात काही नाही, हे कळून आलेलं रिकामेपण होतं ते. तेव्हा त्याला मी श्रद्धा म्हटलं नसतं, थकवा म्हटलं असतं.

भंगारवाला आला. गाडीभोवती फिरला, पत्र्यावर बोटं वाजवली आणि कुरकुरला, “एक गाड़ी के लिए इतना बड़ा टेम्पो लाऊँ? पाली में ऐसी ही दूसरी खड़ी है, दोनों मिलतीं तो उठा लेता. वो बुढ़िया देती ही नहीं.” मी त्याला दोनदा विचारलं, अशीच? अगदी अशीच, पंखवाली, नारळीच्या बागेत, म्हणाला. माझी गाडी न्यायला आलेल्या माणसानं ती गोष्ट एखाद्या निरोपासारखी सहज टाकली आणि उद्या येतो सांगून गेला. तो परत आलाच नाही. का आला नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी उस्मानभाईंना घेऊन मी उत्तनच्या पुढं पालीला गेले. रिक्षा चर्चच्या वळणापर्यंतच जात होती. पुढं वाळूच्या वाटेवर काठी रुतत होती. बांबूंवर बोंबील वाळत टाकले होते, त्यांच्या पलीकडे नारळीखाली ती दिसली. चाकं अर्धी जमिनीत, आत कोंबड्या, पण काचा मात्र लख्ख पुसलेल्या. उस्मानभाई पोटावर झोपून खाली शिरले आणि बाहेर येऊन मला नुसती मान डोलावून दाखवली. हाउसिंग तेच होतं आणि अखंड होतं.

घरातून एक वयस्क कोळीण बाहेर आल्या. त्यांचं नाव रोझी. आम्ही भंगारवाल्याचीच माणसं, असं त्यांना वाटलं असावं. लांबूनच म्हणाल्या, “गारी इकाची न्हाय. कितीदा सांगू?” मी म्हटलं, ठीक आहे मावशी, माझ्या अशाच गाडीसाठी एक भाग हवा होता, जाते, फक्त पाणी द्या. त्यांनी पाणी आणलं आणि माझ्या पायातलं कॅलिपर पाहून पायरीवर बसवलं. कवापासून हाय, विचारलं. लहानपणापासून, मी सांगितलं. मग काय वाटलं त्यांना, गाडी कोण चालवतं तुमची, असंही विचारलं. मी चालवते म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी समजावलं की या गाडीला डावा पाय लागत नाही, म्हणून तर तिच्यासाठी एवढी वणवण.

त्या उठल्या आणि गाडीचं दार उघडून कोंबड्या हुसकू लागल्या. आमच्याकडे पाठ करूनच बोलल्या, “माजे घोवाचा पन डावा पाय न्हवता.”

जाळ्याच्या दोरात सापडून मनवेलचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा पाय गेला होता. होडी सुटली. घरात बसून माणूस झिजेल म्हणून त्यांनीच दागिने मोडून ही गाडी घ्यायला लावली, कारण हीच एक त्याला चालवता येणार होती. मग त्यानं उत्तन, पाली, गोराईच्या कितीतरी नवऱ्या मुली या गाडीतून चर्चला नेल्या. तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती. दुपारी कामं आवरली की मावशी त्याच्या शेजारच्या सीटवर जरा टेकायच्या. गाडी न विकण्याचं कारण एवढंच होतं. मला रडू आवरेना. मी म्हटलं, मावशी, नको, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, खालचं काय पाहिजे ते न्या, पण वरून गाडी आहे तशी दिसली पाहिजे. पैसे घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. एकच मागणं केलं. “तुजे देवीला मनवेलचं नाव सांग. तुजे दारात रांगेत उभा हाय तो म्हनावं.”

हाउसिंग बसलं आणि गाडी मऊ आवाजात चालू लागली. शिमग्याला आम्ही निघालो. बाबा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून मागच्या सीटवर मधोमध बसले. पेण गेल्यावर मला म्हणाले, शेठ वाटेत कधी बोलत का नसत ते आज कळलं, मागं बसलं की झोप येते. पण झोपले नाहीत. कशेडी घाटातलं एकेक वळण त्यांना अंगानं कळत होतं. पुढचं उजवीकडचं, मग डावीकडचं, असं ते आधीच सांगायचे आणि मी स्टिअरिंग फिरवायचे. तेवढा तो घाट संपूच नये असं वाटत होतं. आजही वाटतं.

पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा उन्हं कलली होती. मी ओटी भरली. इतक्या महिन्यांचा अबोला, वाटलं होतं खूप बोलेन, पण तिच्या रुपाकडे पाहिल्यावर एकही तक्रार आठवेना. चुलतभावाला मी मनवेलचं आधीच सांगितलं होतं. तो जरा घुटमळला होता, दुसऱ्या धर्माच्या माणसाचं नाव गाऱ्हाण्यात कसं घालायचं म्हणून. त्यानं ते गुरवाच्या कानावर घातलं. गुरवानं फक्त विचारलं, गाव कुठलं? गाऱ्हाण्यात माणसाचं नाव आणि गाव लागतं, बाकी काही लागत नाही, असं तो म्हणाला.

त्यानं आमच्या घराचं गाऱ्हाणं घातलं, बाबांचं, माझं. मग तसाच, आवाज जराही न बदलता म्हणाला, “आणि बाय माझे आई, उत्तनच्या पालीचा मनवेल, ज्याच्या जीवावर ही लेकरं तुझ्या पायाशी पोचली, त्याला तुझ्या सावलीत घे.” अख्खं अंगण एका आवाजात म्हणालं, “व्हय म्हाराजा.” बाबांनी हात जोडले होते. त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात सोडले नाहीत.

बाबा पुढच्या पावसाळ्यात गेले. त्यांची इच्छा अपुरी राहिली नाही, याचा मला फार आधार आहे. पण त्या मागच्या सीटकडे आरशातून पाहायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

गावाहून परतल्यावर मी नारळ आणि गुलालाची पुडी घेऊन पालीला गेले होते. रोझीमावशी मला गाडीत घेऊन बसल्या, स्वतः त्यांच्या नेहमीच्या सीटवर आणि मला मनवेलच्या जागेवर. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, किती लोक होते? मी म्हटलं, अंगण भरून. सगळ्यांनी म्हटलं? सगळ्यांनी म्हटलं. त्यांनी पदरानं समोरची काच पुसली. मग म्हणाल्या, “कसा म्हनला, परत बोल.” मी पुन्हा नाव घेतलं, गाव घेतलं आणि व्हय म्हाराजा म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. त्या दुपारी मी ते किती वेळा म्हटलं, कोण जाणे.

देवीनं हे घडवलं का, असं लोक विचारतात. मला तेवढं कळत नाही. माझी मूठ सुटली तेव्हाच वाट दिसली, एवढं मात्र मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल रोज हात जोडते. पूर्वी माझी प्रार्थना माझ्यापासून सुरू व्हायची. आता आधी मनवेलचं नाव घेते, मग बाबांचं, मावशींचं, उस्मानभाईंचं, त्या भंगारवाल्याचंही, ज्याचं नाव मला ठाऊक नाही. स्वतःचं शेवटी. कधीकधी ते घ्यायचं राहूनच जातं.