चौथा कोपरा

समजा, तुमच्या हातात लोखंडाचा एक तुकडा दिलाय. बिस्किटाएवढा, आठ मिलिमीटर जाड. तो शेगड्यात, म्हणजे बाकाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळायचा, कानस घ्यायची आणि घासून घासून त्याचा पन्नास बाय पन्नासचा चौकोन करायचा. पहिली कड सपाट करा. तिला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं एल आकाराचं हत्यार, लावून काटकोनात दुसरी करा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसतोय तोवर घासत राहा. तिसरीही जमेल. आता चौथ्या कोपऱ्याला गुण्या लावा. दिसला ना उजेड? मग घासा. चौथा जमला, पण तिसरा बिघडला. तिसरा सावरा, दुसरा गेला. एव्हाना तुमचा पन्नासचा चौकोन सेहेचाळीसचा झालाय आणि तळहातावर चार फोड आलेत. फोड मात्र अगदी चौकोनात.

१९८६ साली कांदिवलीच्या एका शाळेत, नववी टेक्निकलच्या वर्कशॉपमध्ये सुलक्षणा परब नेमकी इथवर पोचली होती. वर्गात एकोणचाळीस मुलगे आणि ती. टेक्निकलला मुलगी घेताना मोठ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, "सहामाहीच्या प्रॅक्टिकलला पास झालीस तर राहा. नाहीतर दिवाळीनंतर मुकाट्याने गृहशास्त्राला बसायचं." गृहशास्त्रात तेव्हा बाळाचं झबलं शिवायला शिकवत. झबल्याशी तिचं वाकडं नव्हतं. पण झबली आईसुद्धा शिवत होती, ड्रिल मशीन मात्र घरी नव्हतं.

"अगं, चौथा कोपरा कोण बघतंय?" शेजारच्या शेगड्यावरचा जयवंत म्हणाला. "तिथे रोल नंबरचा पंच मारायचा. सर तिथेच अंगठा ठेवून जॉब धरतात. तीन बघतात, सही करतात. झकास!"

"आणि चौथा?"

"चौथा देवाचा. माझ्या भावाच्या वेळेपासून असंच आहे."

खरंच तसं होतं. मयेकर सर वर्कशॉपचे सर्वेसर्वा. खाकी डगला, खिशाला चार पेन, त्यातलं एक चालणारं. मुलांनी घासलेला तुकडा, म्हणजे जॉब, खिडकीकडे धरून ते तीन कोपऱ्यांना 'मास्टर गुण्या' लावत. हा गुण्या भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे आणि सर सोडून कुणी त्याला हात लावायचा नाही. बाकीचे चार गुण्ये त्याच्यावरूनच ठाकून ठोकून जुळवलेले. म्हणजे वर्कशॉपात काटकोन एकच होता आणि तो सरांच्या ताब्यात होता.

सुलक्षणाचा सेहेचाळीसचा जॉब पाहून सर म्हणाले, "हे काय, चॉकलेट चोखलंस की काय? हा घे नवा तुकडा. आता शेवटचा. सोमवारी बाहेरचे परीक्षक येतायत."

शनिवारी ती दोन्ही तुकडे डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन आली. तिचे वडील लवू परब आधी गिरणीत होते. संपानंतर मरोळच्या एका डाय म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागले होते. चहा ठेवून त्यांनी जुना जॉब उचलला, आपल्या पिशवीतला गुण्या काढून लावला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यां काय गो? चारय कोपऱ्यांतसून उजेड दिसता."

"बाबा, शाळेच्या गुण्यात पहिल्या तीन कोपऱ्यांत कणभर उजेड नाही!"

"मगे शाळेचो गुण्यो आंधळो आसा."

"मास्टर गुण्या आहे तो! तुमचाच चुकला असेल."

लवूंनी वाद घातला नाही. ओट्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवून कडाप्प्यावर खडूची बारीक रेघ मारली. मग गुण्या पालथा केला, त्याच जागी टेकवला आणि दुसरी रेघ मारली. रेघेवर रेघ बसली.

"गुण्यो खोटो आसलो तर रेघो फाकतत. सोमवारी तुझ्या मास्तराचो गुण्यो उलटो करून बघ."

"आणि माझो ओटो आधी पुसा," आई सुगंधा म्हणाली.

रविवारभर बापलेकींनी दाराच्या उंबऱ्याला लवूंचा छोटा शेगडा आवळून नवा तुकडा घासला. म्हणजे घासला तिने. लवूंनी फक्त "कोपर खाली" एवढंच पंचवीस वेळा सांगितलं. संध्याकाळी चारही कोपरे जुळले. चौथ्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही, तो आपोआप आला. सुलक्षणाने चारही कोपऱ्यांना बाबांचा गुण्या पुन्हा लावून पाहिला. म्हणजे चूक तिच्या हाताची नव्हती. शाळेचा गुण्याच काटकोनापेक्षा थोडा उघडा होता. त्याने तीन कोपरे जमवले की तिघांची चूक गोळा होऊन चौथ्याच्या माथी.

सोमवारी परीक्षेआधी तिने सरांसमोरच ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला मास्टर गुण्या टेकवून दोन रेघा मारल्या. वरच्या टोकाला त्या चांगल्या दोन मिलिमीटर फाकल्या. सरांनी चष्मा पुसला. पुसलेल्या चष्म्यातूनही रेघा दोनच.

शिपाई दादू कौतुकाने पुढे झाला. "फाकणारच ना, पोरी. पंधरा वर्षं दसऱ्याला हत्यारांच्या पूजेचा नारळ आपण ह्याच्यावरच फोडतो. हातोडा कसा, कुणीही वापरतं. नारळाला मानाचंच हत्यार पाहिजे."

मयेकर सर दादूकडे असे बघायला लागले की पुढचा नारळ कुठे फुटणार हे सगळ्यांना कळलं.

"ठीक आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "पण इथे एकोणचाळीस जॉब ह्याच गुण्यावर झालेत आणि परीक्षकही हाच लावणार. ह्याच्यावर तुझे चारही कोपरे चुकलेत. ह्या पोरांचा निदान एकच चुकलाय. अर्धा तास आहे. कानस घे आणि तीन कोपरे जुळवून टाक."

"म्हणजे बरोबर असलेला बिघडवू?"

"पास व्हायचंय ना तुला?"

"यार, कर ना," जयवंत कुजबुजला. "झबली शिवशील नाहीतर."

तिने जॉब शेगड्यात आवळला. कानसही टेकवली. कालचे फोड अजून झोंबत होते. तिने शेगडा सैल केला, जॉब पदरी घेतल्यासारखा ओढणीत पुसला आणि तसाच्या तसा टेबलावर नेऊन ठेवला.

परीक्षक मुलुंडहून आले होते. जाडजूड, शांत, चहाची बशी ओठाला लावूनच बसलेले. "तुमचा गुण्या?" त्यांनी विचारलं. सरांनी दोन्ही हातांनी दिला. परीक्षकांनी तो उजेडाकडे धरला, पातं दांड्याला जोडणाऱ्या रिवेटांवरून अंगठा फिरवला, एकदा मयेकर सरांकडे पाहिलं आणि उठून स्वतःच्या हाताने परत खिळ्याला टांगला. मग एकेक जॉब तळहातावर घेऊन, उलटसुलट करून मार्क द्यायला सुरुवात केली. मापला एकही नाही.

जयवंतने आपला जॉब खोबरेल चोळून चकचकीत केला होता. त्याला पन्नासपैकी त्रेचाळीस. सुलक्षणाच्या जॉबवर घामाने गंजाचा ठिपका आला होता. तो परीक्षकांनी जरा जास्त वेळ हातात ठेवला. अंगठा चारही कडांवरून गेला. "एकतीस," ते म्हणाले. "तेल लावत जा, बेटा."

पासाला अठरा लागत. मोठ्या बाईंनी एकतीसचा आकडा दोनदा वाचला आणि गृहशास्त्राचा विषय पुन्हा काढला नाही. दिवाळीनंतर सुलक्षणा ड्रिल मशीनवर गेली. पुढे डिप्लोमा केला, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागली. नवा गुण्या हातात आला की आजही आधी पालथा करून बघते. मयेकर सर नंतर एकदा भेटले तेव्हा त्या परीक्षकांनी एकही जॉब मापला का नाही, असं तिने सरळच विचारलं. सर म्हणाले, "आळशी माणूस होता गं तो." दादूला विचारलं तर तो म्हणाला, "देवमाणूस."

तिला मात्र त्या मुलुंडच्या माणसालाच गाठून विचारायचंय, अंगठा फिरवताच गुण्या खोटा आहे हे तुम्हाला कळलं होतं की नाही? आणि कळलं होतं, तर मग एकतीसच का?