दुरुस्त केलेलं स्टेशन

अमेरिकेत बॉथेलला मुलीकडे राहायला आल्यापासून मी रोज सकाळी रेल्वेमार्गावरून चालतो. गाडी येण्याची भीती नाही. रूळ कधीच उखडलेत, त्यावर गुळगुळीत डांबर घातलंय आणि आता तिथून सायकली धावतात. सगळी नोकरी स्टेशनमास्तर म्हणून केलेल्या माणसाला फिरायला यापेक्षा क्रूर जागा सापडली नसती. मुलीच्या मते ती माझ्या गुडघ्यांना उत्तम आहे.

तिथेच शेजारचे जपानी गृहस्थ भेटले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी कोण होतो हे कळल्यावर त्यांनी मला थेट आपल्या गॅरेजमध्ये नेलं. माझ्या नोकरीचा एवढा मान या देशात पहिल्यांदाच झाला. एरवी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात 'काका, तुम्ही इंडियात काय करायचात?' असं विचारणारे माझं उत्तर ऐकायच्या आत जेवणाच्या रांगेत पोचलेले असतात.

गॅरेजमध्ये टेबलभर एक स्टेशन होतं. लाकडी इमारत, एकच फलाट, मागे डोंगर, फलाटाला लागलेली गाडी. ते त्यांच्या गावचं स्टेशन आणि त्यांचे वडील तिथले मास्तर. लाकूड वाहायला मार्ग टाकला, डोंगरावरची झाडं संपली, मग शाळेची मुलं आणि भाजीवाल्या बायका यांच्यावर भागलं. पुढे चांगला रस्ता झाला आणि मुलं-बायका बसने जाऊ लागल्या. तरी वडील रिकाम्या गाडीलाही टोपी नीट करून सलाम ठोकत. आमच्याकडे भरलेल्या गाडीला कुणी ठोकला नाही.

हे स्टेशन त्यांनी वर्षानुवर्षं एकट्याने बनवलं होतं. आता ते मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते, आणि तिथे टेबलाला जागा नव्हती. म्हणून स्टेशन इथल्या बॉथेलच्या लायब्ररीला द्यायचं ठरलं होतं, कायमचं. "वडिलांचं दुसरं काही माझ्याकडे नाही," ते म्हणाले आणि चहा करायला आत गेले.

मी वाकून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. गाडी सुटायचा सिग्नल पडलेला, प्रवासी बसलेले, ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून बसलेला, आणि टोकनचं कडं मात्र मास्तरच्या खांद्यावर. एकेरी मार्गावर टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवू शकत नाही. पुढचा रूळ मोकळा असल्याची तीच खूण. आमच्याकडे कड्याच्या पिशवीत लोखंडी गोळा असे, त्यांच्याकडे पितळी चकती, एवढाच फरक. असली चूक लायब्ररीत जाऊन बसणार, आणि तीही एका स्टेशनमास्तरने पाहिलेली असताना? टेबलावर चिमटा होता, सुपरग्लू होता. नोकरीत वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मी खिळाही ठोकला नाही, पण इथे हात आवरला नाही. कडं उचललं आणि ड्रायव्हरच्या हातात चिकटवून टाकलं.

ते चहा घेऊन आले. "एक चूक होती, काढून टाकली," मी म्हणालो. शाबासकीची वाटच पाहत होतो म्हणा ना.

त्यांनी वाकून पाहिलं. मग ट्रे खाली ठेवून शांतपणे सांगितलं, की ती शेवटची गाडी होती. त्यानंतर मार्ग बंद होणार होता. वडिलांनी आयुष्यभर एकही गाडी उशिरा सोडली नाही; त्या दिवशी मात्र कडं खांद्यावर घेऊन चार मिनिटं नुसते उभे राहिले. ड्रायव्हर हात पुढे करून थांबला होता.

"मी ती चार मिनिटं बनवली होती," ते म्हणाले.

म्हणजे ती गाडी मी सोडून दिली होती.

माझ्या स्टेशनवरही टोकन बंद व्हायचा एक दिवस आला होता. शेवटचा गोळा मीच दिला, ठरल्या वेळेला, सेकंदही न दवडता. त्याचा मला कालपरवापर्यंत अभिमान होता. त्या गॅरेजमध्ये त्याची लाज वाटली.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही लोकांच्या गोष्टी फिक्स करायला कशाला जाता? सिरियसली, आधी जाऊन सॉरी म्हणा."

गेलो. दोघांनी मिळून पातळ सुरीने कडं सोडवायला घेतलं. सुपरग्लू अमेरिकन होता, त्याने दाद दिली नाही. शेवटी कडं निघालं ते ड्रायव्हरचा कोपरापासूनचा हात घेऊनच. आम्ही तसंच ते मास्तरच्या खांद्याला अडकवलं, त्या चिमुकल्या हातासकट. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे."

लायब्ररीत स्टेशन मांडलं त्या शनिवारी मी शर्टाला इस्त्री करून शेजारी उभा राहिलो. एक गोरे गृहस्थ खिशातून भिंग काढून इंच इंच तपासत होते. रेल्वेचे शौकीन असावेत. माझ्याच जातकुळीचा माणूस.

"ड्रायव्हरला हात नाही," ते म्हणाले. "ही चूक आहे. घरी सामान आहे माझ्याकडे, दुरुस्त करून देऊ का?"

"हात लावू नका," मी म्हणालो. "गाडी अजून सुटायची आहे."