इंद्रायणीच्या हाताखालच्या चौदा बाया

दोन हजार तीन सालच्या विरळणीला सावळेरामशेटनं आपल्या वारूळवाडीच्या द्राक्षबागेत इंद्रायणीला मुकादम केलं. अकरा वर्षं ती तिथंच द्राक्षाचे घड विरळत होती. कात्रीनं आतले बारके मणी काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. ते काम तिला डोळे मिटून येत होतं. चौदा बायांकडून ते करून कसं घ्यायचं, हे मात्र कळेना. आधीचा मुकादम सोमाजी पाठीमागं उभा राहून बोलत राहायचा. तिनंही तेच सुरू केलं.

चार दिवसांतच घोळ झाला. घाटघरची भागू भात झोडून झाला की दरसाल यायची. पन्नाशीची बाई, हात असा की चांगला मणी कधी गळायचा नाही. पण इंद्रायणी मागं उभी राहिली की तिची कात्री मंदावायची. उलट नवी रत्ना लई हौशी, सगळ्यांच्या आधी हजर. पण घडाचा निम्मा भाग खाली पाडायची, आणि बोललं की रडत रडत आणखी कापायची.

मग इंद्रायणीनं पद्धत बदलली. भागूला म्हणाली, "मावशी, तुमचं तुमी बघा." आणि रत्नाचा हात धरून एकेक घड दाखवत बसली. चार दिवसांत रत्नाचा हात बसला. भागूनं दोन दिवस झपाझप ओळी उरकल्या, तिसऱ्या दिवशी वेलाखाली नुसतीच बसली, चौथ्या दिवशी आलीच नाही.

संध्याकाळी इंद्रायणी बागेच्या कडेला भागूच्या खोपीवर गेली.

"बरं न्हाई का, मावशी?"

"बरी हाय की." भागू तांदूळ निवडत राहिली. "तू मागं उभी व्हतीस, तवा वाटायचं हिचा इस्वास न्हाई. आता फिरकतच न्हाईस. चांगलं केलं काय नि वंगाळ केलं काय, कोण बघतंय?"

"मग मी यावं का येऊ नये?"

भागूनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "ते मला बी सांगता यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी इंद्रायणी भागूच्या ओळीत गेली. एक दाट घड तिला खरंच उमजत नव्हता. तो कसा घ्यावा, हे तिनं विचारलं. भागूनं हसून घडाचा खांदा, म्हणजे वरचा बाजूला फुटलेला फाटा, कापून दाखवला, आणि दुपारपर्यंत दोन ओळी पुऱ्या केल्या. इंद्रायणीला हायसं वाटतंय तोवर पलीकडून रत्ना फुरंगटून म्हणाली, "ताई, मला येतंय आता. सारखं हात धरू नका."

त्या साली माल चांगला उतरला. सावळेरामशेटनं विचारलं, "बायांना कसं काय सांभाळलंस?"

"एकीला जे चाललं ते दुसरीला न्हाई चाललं," ती म्हणाली, "आणि जिला चाललं, तिलाच पुढच्या आठवड्यात न्हाई चाललं."

शेटला काही कळलं नाही. त्यानं पुढच्या सालासाठी वीस बाया सांगितल्या. इंद्रायणी हो म्हणून बसली, आणि घरी जाताना वाटभर कुणाच्या मागं उभं राहायचं नि कुणाला सोडायचं, हेच जुळवत राहिली.