जिताडा आतल्या मांडवात

तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नात कोणता पाहुणा कुठे बसला आणि त्याच्या ताटात काय पडलं, हे तुम्ही उठून पाहिलं होतं का? मी पाहिलं, तेही एका रोमन कवीने कान धरल्यामुळे.

आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचे आणि युनियनची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची. आई ती डब्यांच्या तळाशी घालायची, मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवायचे. ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. तेव्हापासून मला दिसेल त्याला जागं करायची खोड आहे.

गेल्या उन्हाळ्यात पनवेलच्या एका रद्दीवाल्याकडे मला रोमन उपहास-कवितांचं भाषांतर मिळालं. पुठ्ठा निघालेला, अर्धं वाळवीने खाल्लेलं. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं म्हणून उघडलं, तर सगळी ओळखीची निघाली. म्हाताऱ्या श्रीमंताच्या उशाशी फळं घेऊन बसणारे आणि मनातल्या मनात त्याचं मृत्युपत्र वाचणारे. गरिबाच्या ठिगळाला हसणारे. आणि एक जेवणावळ, जिथे यजमान भला मोठा समुद्री मासा खातो आणि त्याच पंगतीतल्या गरीब पाहुण्याला नाल्यात पोसलेली वाम वाढतो. पुस्तक मिटलं आणि मला माझा मामा आठवला.

मामा माणूस प्रेमळ. मिठागराची आणि भाताची जमीन सरकारी प्रकल्पात गेली, मोबदल्याचा पैसा आला, करंजाड्याला इमारत उभी राहिली. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी. मामाने दोन मांडव घालायचं ठरवलं. आतला झालरीच्या पडद्याआड, कूलरवाला, नगरसेवक, बिल्डर आणि लोखंडाच्या व्यापाऱ्यांसाठी. तिथे जिताडा, आमच्या खाडीतला सगळ्यात मानाचा आणि महागडा मासा. बाहेरचा गावासाठी आणि नातेवाइकांसाठी. तिथे फ्रीझरमधला एक पांढरा मासा, ज्याचं नाव केटररलाही धड सांगता येत नव्हतं.

खरी ठिणगी मात्र माशाने पडली नाही. माझी थोरली मावशी, म्हणजे मामाची मोठी बहीण, गावची धवलारीण आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, तीच म्हणते. धवलारीण गात असताना यजमानाने हळदीचं ताट धरून उभं राहायचं, आणि गाण्यात ती त्याला काहीही बोलली तरी हसून ऐकायचं, अशी आमच्या गावची रीत. त्या मावशीला, म्हणजे त्याच्या ‘बाय’ला, मामाने फोन केला. “बाय, या वेळेला डीजे हाय. तू आरामात बस, जेव.”

मावशीने फोन ठेवला आणि माझ्या आईला कळवलं, “मी येनार नाय.”

आई हादरली. बहीण हळदीला आली नाही तर दिवाळीला भाऊबीज कसली? दोघं एकाच गावात राहून पाठ फिरवणार. आमच्या गावात अशी दोन घरं आहेत. त्यांची नातवंडंसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत, आणि का ते कोणालाच आठवत नाही.

मी काय करणार? पत्रक लिहिलं. मथळा: ‘एका घरात दोन मासे!!!’ वर रोमची पंगत, खाली मामाची. झेरॉक्स काढल्या, गठ्ठा घेऊन मावशीकडे गेले. ती अंगणात सुकट निवडत होती.

“वाच,” ती म्हणाली.

मी आवाज चढवून वाचलं. वामेपाशी तिने हात वर केला.

“थांब. त्या रोमवाल्याचा तो भाऊ होता का?”

“नाही गं. शेठ होता त्याचा.”

“मंग त्याचा सोपा होता.”

ती पुन्हा सुकट निवडायला लागली.

“आनि यो कागद वाचनार कोन? एका हातात ताट, दुसऱ्या हातात मासा.”

“लोक जागे होतील, मावशी.”

“जेवताना सगली जागीच असतात गो पोरी.”

मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, भाच्याने काय केलंय? त्याच्या अंगाला तुझा हात नको का लागायला? तिने सुकट बाजूला सारली. मग म्हणाली, “येईन. भाच्याला हलद लावीन. पन गानार नाय.”

हळदीच्या संध्याकाळी डीजेच्या दणक्याने सरबताचे ग्लास ट्रेमध्ये आपोआप सरकत होते. मावशी बाहेरच्या मांडवात अगदी मागच्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी, पत्रकांची पिशवी मांडीवर. नवरदेव पाटावर बसला. मामीने पहिल्या हळदीची वाटी उचलली आणि थांबली.

“धवला कोन बोलनार?”

“सगली सोय हाय,” मामा ऐटीत म्हणाला आणि डीजेवाल्याला खूण केली. त्याने मोबाइलवर कुठूनतरी एक धवला शोधून ठेवला होता. तो भल्यामोठ्या स्पीकरवर सुरू झाला. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत सगळ्या म्हाताऱ्या किंचाळल्या. तो पाठवणीचा धवला होता. पाटावर मिशीवाला नवरदेव, आणि स्पीकर त्याला सांगतोय, रडू नकोस, सासरी नीट नांद, सासूला उलटून बोलू नकोस.

“नवऱ्याला सासरी धाडतान रं!” एक काकी ओरडली.

“जा बाला, जा! डबा घेऊन जा!” मित्रांनी गलका केला.

मामीने वाटी खाली ठेवली. “असल्या गान्यावर मी हलद लावनार नाय.”

मामाने घाम पुसला. डीजेकडे पाहिलं, वर भिरभिरणाऱ्या शूटिंगच्या ड्रोनकडे पाहिलं. सगळं भाड्याने मिळालं होतं, हे एक नव्हतं. शेवटी तो स्वतः खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या रांगेपर्यंत आला.

“बाय, चल.”

“डीजे हाय ना?”

“बाय, नको ना गो.”

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं. “गाईन. पन मधी थांबवायचा नाय.”

“नाय थांबवनार.”

तिने आधी देवांना बोलावलं, मग पूर्वजांना. मामा ताट धरून उभा. मामीने हळद लावली. मग मावशीचा आवाज खाली आला आणि तिने भावाकडे तोंड केलं.

“हलद वाटली एका पाट्यावरी गो,
मासा शिजला दोन चुलींवरी.
पडद्याआड जिताडा, पडद्याभायेर बाय,
माझ्या भावाच्या घरान मना जागा नाय.”

बायकांनी शेवटची ओळ उचलली, पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली. मांडव हसत होता. मामाचे कान लाल झाले. ताट हातात, नाक खाजवायचीही सोय नाही. मग त्याच्या मिश्या हलायला लागल्या. गाणं संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. संपल्यावर ताट मामीकडे देऊन ओरडला, “काढा रे तो पडदा!”

पडदा निघाला आणि मगाशी डीजेलाही हसलं नव्हतं इतकं गाव हसलं. नगरसेवक दुसऱ्या हळदीला निघून गेले होते. बिल्डर पाठ करून फोनवर. लोखंडाचे दोन व्यापारी कूलरसमोर वरणभात खात होते. दोघंही शुद्ध शाकाहारी. जिताड्याच्या परातींना कोणी हातही लावला नव्हता.

जिताडा बाहेर आला. सगळ्यांना पुरला पाहिजे म्हणून आचाऱ्याने कालवणात पाणी ओतलं, आणि वाट्याला अंगठ्याएवढा तुकडा आला.

“पातल हाय,” मावशी म्हणाली, “पन बरा हाय.” आणि भावाला तिने आपल्या शेजारी बसवलं.

माझी पत्रकं? मावशीने गठ्ठा घेतला आणि गरम टोपांखाली घातला. एक मामाच्या हाती लागलं. त्याने ते कालवणाच्या डागासकट पुरं वाचलं. “यात माझा पोट लय मोठा लिवलाय तू,” तो म्हणाला. “आनि रोममधी पन असाच करायचे? मंग मी नवीन काय केला?”

दिवाळीला तो भाऊबीजेला गेला.

मी पत्रकं लिहिणं सोडलेलं नाही. हे त्यातलंच एक समजा. त्या रोमन कवीने इतकं चिडून लिहिलं, तरी पडदे अजून लागतातच, आणि ते मला मुळीच मान्य नाही. फक्त आता मला कळलंय की शेठला सुनावणं सोपं, भावाला सुनावायला गळा लागतो. म्हणून एक काम करा. पुढच्या लग्नात ताट हातात घेण्याआधी मांडवभर एक फेरी मारा. तुम्हाला पडद्याच्या आत बसवलं असेल, तर ताट घेऊन बाहेर या, आणि अगदी मागच्या रांगेतल्या म्हातारीशेजारी बसून तिला विचारा, “काकी, तुम्ही काही म्हणता का?”