पाठ न लागलेला खवीस

गौस पिंजाऱ्यांना मी नीट ओळखत होतो असं म्हणायचं धाडस मला होत नाही. त्यांचं मूळ गाव कुठलं, त्यांना भावंडं किती, रागावले तर ते काय करत, यातलं काहीच मला ठाऊक नाही. मी नाटकात प्रॉम्प्टर होतो. पुस्तक धरून विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं, एवढंच माझं काम. तिथून माणूस दिसतो तो मागून. त्यामुळे गौसभाईंच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठच मी जास्त पाहिली. तरी त्या खेळाची आठवण असलेलं आता कुणी उरलेलं दिसत नाही, म्हणून लिहून ठेवतो. चुकलं तर चूक काढायलाही कुणी नाही, हे एका परीनं बरंच आहे.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला गौसभाईंचं कापूस पिंजायचं दुकान होतं. अंगानं ते धिप्पाड, हात तर एवढाले, की उशी त्यांच्या हातात रुमालासारखी दिसे. दिवसभर कमानीएवढं पिंजण घेऊन बसलेले, तातीचा टणत्कार चालू, आणि अंगाखांद्यावर, भुवयांवर, मिशांवर कापूस. एवढा मोठा माणूस, पण त्यांच्याशी बोलायला येणारा प्रत्येक जण एकच बोले : "गौसभाई, गादी कधी देताय?" आणि ते प्रत्येकाला एकच उत्तर देत : "परवा."

गणपतराव म्हणून घासलेटचे एक व्यापारी होते. त्यांनी नाटक मंडळी काढली. स्वतःच एक संगीत नाटक लिहिलं. त्याचं नाव 'खवीसमर्दन'. गगनबावड्याच्या घाटातला एक खवीस रोज एका माणसाचा घास मागतो, आणि शेवटी एक राजपुत्र गाणं म्हणून, तलवार लावून त्याला मारतो, असं कथानक. राजपुत्राचं काम आकाराम नावाच्या सराफाच्या मुलाकडे होतं. आवाज मधासारखा, पण अंगानं इतका बारीक, की गळ्यातल्या माळांनी मान पुढे झुकायची. खवीस कोण, यावर फार चर्चा झाली नाही. गणपतराव दुकानात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गौस्या, तुझ्याएवढं धूड गावात दुसरं न्हाय. खवीस तूच."

गौसभाई हसले. म्हणाले, "हायच की मालक. आमच्यात म्हणत्यात खवीस तुमच्यातला, तुमच्यात म्हणत्यात आमच्यातला. कुणी तरी घरात घ्यायलाच पायजे त्याला."

कुंभाराकडून शिंगं असलेला कागदी मुखवटा करून आणला. त्याची दाढी गौसभाईंनी स्वतःच्याच दुकानातल्या कापसाची लावली. अंगात काळी घोंगडी. गणपतराव घासलेटचे व्यापारी असूनही दिवे जाळायला त्यांचा जीव होत नसे, म्हणून खेळ भर दुपारी, बांबूच्या मांडवात. म्हणजे आमचा खवीस लख्ख उन्हात प्रगट होणार होता.

पहिल्या खेळाला तो प्रगट झाला, दोन्ही हात वर करून ओरडला, "माणूस द्या! माणूस द्या!" मग बायकांच्या बाजूनं चिमणाबाईचा आवाज आला. ती दूध घालायची, तिच्या आवाजाला गल्ल्या ओलांडायची सवय होती.

"आगं बया, ह्यो तर आपला गौसभाई! आरं, माणूस मागतोस, माजी गादी दे की आदी! लेकीचं बाळंतपण हुन गेलं!"

सगळा मांडव हसला. दुसरा ओरडला, "माज्या दोन उश्या!" तिसरा म्हणाला, "परवा म्हणंल बगा!" आणि मुखवट्याच्या आतून, सवयीनं, खवीस म्हणाला, "परवा."

मी पुढचं वाक्य सांगत होतो, पण माझा आवाज माझ्यापर्यंतही पोचत नव्हता. पुढचा सगळा खेळ हसण्यात वाहून गेला. आकारामनं तलवार लावली तेव्हाही लोक हसतच होते.

खेळ संपल्यावर गणपतरावांनी पगडी काढून खुर्चीवर आपटली. "खवीस हाय का बुजगावणं? एक पोर रडलं न्हाय, एक बाई भ्याली न्हाय. पुढल्या खेळाला एक जरी माणूस तुला हसला तर तू आपला कापूस पिंजत बस. मी सांगलीकडनं दुसरा आणतो."

गौसभाई खाली बसले. घोंगडीची घडी घालत राहिले. मला वाटलं, सुटले बिचारे. गणपतरावांच्या मंडळीत मिळकत म्हणावी तशी नव्हतीच. म्हणून घरी जाताना मी म्हणालो, "जाऊ द्या, गौसभाई. तुम्हाला तुमचा धंदा आहे."

ते थांबले. दाढीचा कापूस अजून त्यांच्या हातात होता. "मास्तर," ते म्हणाले, "दिवसभर कापूस माज्याकडं बगतोय व्हय? आनि मानसं येत्यात ती गादीकडं बगत्यात. हितं मांडवभर मानसं माज्याकडं बगत्यात की. हे काम मला सोडायचं न्हाय."

स्वतःबद्दल एवढं बोललेलं मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला कधी सुचली नसती. खरा खवीस कसा असतो ते विचारायला ते बाहेर पडले. सुरुवात चिमणाबाईपासून केली. ती म्हणाली, मी न्हाय बघितला, माझ्या भाच्यानं बघितलाय, बावड्याच्या घाटात. गौसभाई गाद्यांची एक गाडी तिकडे जात होती तिच्यावर बसून गगनबावड्याला गेले. तिथला एक म्हातारा म्हणाला, "हितं? हितं पावसात मानूस टिकत न्हाय, खवीस कुठला टिकतोय. गारगोटीकडं असत्यात." गौसभाई गारगोटीच्या बाजारात गेले. तिथल्या पानवाल्यानं विचारलं, "पावनं कुठलं?" कोल्हापूरचे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग हितं कशाला आलासा? खवीस सगळे कोल्हापुरातच की! आमच्या मेव्हण्याला रंकाळ्यावर गाठलं हुतं."

परत आल्यावर त्यांनी मला हे सगळं सांगितलं. "मास्तर, खवीस हाय सगळीकडं, फकस्त सांगणाऱ्याच्या गावात न्हाय. आनि बघितलाय त्यो कायम मेव्हणा न्हाय तर भाचा. पर एक गोष्ट समदी सारकीच सांगत्यात. खवीस पयलं तंबाकू मागतोय. दिली न्हाय तर म्हणतोय, चल कुस्ती. वराडत कोन न्हाय म्हणालं. शड्डू ठोकतोय म्हणत्यात."

शड्डू म्हणजे पहिलवान आखाड्यात उतरताना मांडीवर आणि दंडावर थाप मारतो तो आवाज. गौसभाईंनी तिथंच दुकानात, कापसाच्या ढिगात उभं राहून शड्डू ठोकला. शेजारच्या दुकानातला माणूस धावत बाहेर आला. मी म्हणालो, हेच करा.

यातला धोका माझ्या ध्यानात यायला हवा होता, पण मी कुस्ती पाहणाऱ्यांतला नाही. गणपतरावांच्या तर तो मुळीच ध्यानात आला नाही. ते खूश झाले.

दुसऱ्या खेळाच्या आदल्या दिवशी गावात मोठी कुस्ती होती. दोन नामांकित मल्ल दिवसभर डोक्याला डोकं लावून उभे राहिले आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. गाव चिडलं होतं. चहाच्या दुकानात, न्हाव्याकडे, तालमीच्या कट्ट्यावर एकच बोलणं : असल्या बिननिकाली कुस्त्या बघायच्या कशाला? आणि तीच सगळी माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मांडवात येऊन बसली.

पडदा वर गेला. खवीस आला. ओरडला नाही. मध्यभागी येऊन उभा राहिला, घोंगडी मागे टाकली आणि शड्डू ठोकला.

कुणी हसलं नाही. एकही माणूस हसला नाही. पुढच्या ओळीतल्या लोकांनी पाय पोटाशी घेतले. बायकांच्या बाजूला एक पोर भोकाड पसरून रडलं, आणि गणपतरावांनी समोरच्या विंगेतून माझ्याकडे पाहून डोळे मिटले, देवाला हात जोडावेत तसे. गौसभाईंची पाठ मला दिसत होती. ती एकदम रुंद झाल्यासारखी वाटली.

शेवटचा प्रवेश आला. आकाराम गायला, फार सुंदर गायला. मग त्यानं म्यानातून तलवार काढली.

"ए हत्यार टाक!" मागून आवाज आला. "कुस्तीत तलवार काढतोस? लाज न्हाय व्हय!"

"टाक, टाक!" सगळा मांडव उठला. "त्यानं शड्डू ठोकलाय, हात मिळव!"

आकारामनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात होतं, 'राजपुत्र खड्गाचा स्पर्श करतो, खवीस मरतो.' मी तेच सांगितलं. आकारामनं घाईनं तलवार लावली आणि खवीस धाडकन पडला. पण उताणा नाही, कुशीवर पडला.

"पाठ लागली न्हाय!"

कोल्हापुरात हे वाक्य एकदा उठलं की ते खाली बसवणं कुणाच्याच हातात नसतं. दोन्ही खांदे मातीला टेकल्याखेरीज माणूस हरत नाही, मग तो खवीस का असेना. लोक रंगमंचाला येऊन भिडले. एक म्हातारा वस्ताद तर फळ्यांवर गाल टेकवून खांद्याखाली उजेड दिसतो का बघत होता. "उजवा वर हाय!" त्यानं निवाडा दिला. "कुस्ती चालू!"

आकारामनं बिचाऱ्यानं तलवार टाकली, मुकुट काढून ठेवला आणि खविसाचा खांदा दोन्ही हातांनी दाबायला लागला. गौसभाई मुखवट्यातून त्याला हळूच सांगत होते, "गुडगा घाल... गुडगा." त्यानं गुडघा घातला, तो घसरला, आणि तोच गौसभाईंच्या अंगावरून पलीकडे जाऊन उताणा पडला. दोन्ही खांदे फळीवर. माळा तोंडावर.

"चितपट!" मांडव कोसळतो की काय असं झालं. "निकाली! निकाली झाली!" कुणी तरी स्वतःचा फेटा काढून खविसाच्या शिंगांना बांधला.

आता पुढे काय? राजपुत्र हरला म्हणजे खवीस गाव खाणार. पुस्तकात पुढे फक्त 'भरतवाक्य' एवढंच लिहिलेलं. समोरच्या विंगेत गणपतराव तोंडावर हात ठेवून मटकन बसले. गौसभाई उठले, विंगेकडे वळले, आणि मी पुस्तक मिटून मान हलवली.

त्यांनी मुखवटा कपाळावर सरकवला. लोक ऐकायला खाली बसले.

"जिंकलो," गौसभाई म्हणाले. "गाव माझं झालं. पर खरं सांगू का? मानसं खाऊन पोट बिगडलंय. केस लागत्यात, पागोटी अडकत्यात. आजपासनं मी भाकरी खानार."

"आनि माजी गादी?" चिमणाबाईनं विचारलं.

"तीबी देनार."

"कधी?"

सगळा मांडव एका आवाजात ओरडला, "परवा!"

लोक हसले, पण ते हसणं गणपतरावांनी दिलेल्या इशाऱ्यात बसणारं नव्हतं. ते खविसाला हसत नव्हते, खविसासकट हसत होते. तालमीतल्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन गल्लीपर्यंत नेलं. मी मागून मुखवटा घेऊन चाललो होतो. दारात त्यांची बायको हुसेनबी उभी होती. तिनं फेट्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मानसं खाऊन आलासा, का जेवायला वाढू?"

"वाढ," गौसभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गणपतराव स्वतः दुकानात आले. सांगलीच्या माणसाचं नाव त्यांनी परत काढलं नाही. नाटकाचा शेवट बदलला. पुढं जेवढी वर्षं मंडळी चालली तेवढी वर्षं लोक खवीस हरतो का ते बघायला येत आणि तो कधीच हरत नसे. आकारामला पडायची इतकी सवय झाली की तो पडता पडता गायला लागला. मग तंबूतला बायस्कोप आला आणि गणपतरावांनी मंडळी बंद केली. गौसभाई एकदा माझ्याबरोबर बायस्कोप बघायला आले होते. पडद्यावरचा राक्षस बघून म्हणाले, "बरा हाय. पर ह्याला गादी कुनी मागत न्हाय." आणि शांतपणे शेंगा खात राहिले. खंत करताना मी त्यांना पाहिलं नाही. गल्लीतली पोरं त्यांना खवीसमामा म्हणत, आणि गादी मागायला आलेला माणूस आता गादीआधी त्यांच्या तोंडाकडे पाही, थोडा हसे, मग विचारी.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली. त्या दिवशी पडताना ते कुशीवर का पडले? नाटकाच्या एवढ्या तालमी झाल्या, प्रत्येक तालमीत ते सरळ उताणे पडत. उजवा खांदा त्यांनी मुद्दाम उचलून धरला होता का? मी मागून पाहत होतो, पण माझ्या बाजूला त्यांचा डावा खांदा होता. विचारावं असं मला अनेकदा वाटलं. पण विचारायची हिंमत झाली नाही, आणि मग माझी बदली झाली गारगोटीला. निघायच्या आधी मी माझी गादी पिंजायला टाकली होती. ती घ्यायला गेलो तेव्हा ते दुकानात एकटेच होते, आणि मला वाटलं, आज विचारू. पुढं मी परत आलो तोवर दुकानात दुसरं कुणी बसलेलं होतं.

गादी घ्यायला गेलो त्या दिवशी मी उंबऱ्यात उभा राहिलो. त्यांनी पिंजण थांबवलं, भुवयांवरचा कापूस पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गौसभाई," मी म्हणालो, "गादी झाली का?"

"कवाच झाली, मास्तर," ते म्हणाले. "न्या की. आनि गारगोटीत गेल्यावर एकडाव उन्हात टाका."