न्हाणीघरात तरंगलेलं हेलिकॉप्टर

यूसुफ होडेकराच्या खानदानात हवेतनं गेलेला माणूस एकच, माडावरनं पडलेला चुलता. बाकी सगळे पाण्याचे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठी बापाचा होड्या बांधायचा धंदा. नवी होडी पाण्यात लोटली की बाप कमरेवर हात ठेवून बघत उभा राहायचा. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ऐटीत वर हवं. तिनं पाण्यात मुंडी घातली की बापाची शिवी ठरलेली, "होडी न्हवं, रेडकू हाय ह्यां!" मग मागच्या अंगाला दगड टाकायचे आणि नाळ वर आणायची. यूसुफ हे बघतच मोठा झाला.

असा हा गडी नव्वद सालच्या आरंभी कुवेतात, हवल्लीतल्या एका खेळण्यांच्या दुकानात कामाला. खेळणी पोरांची नव्हेत, मिशीवाल्या बाप्यांची. हातातल्या रेडिओच्या डब्यावरनं उडवायची हेलिकॉप्टरं. इंजिन, सळ्या आणि वर पंखा असा नुसता सापळा एका खोक्यात. त्यावर चढवायचं फायबरचं कवच दुसऱ्या खोक्यात, खिडक्या-दारांसकट हुबेहूब खऱ्यासारखं. पण सुट्ट्या तुकड्यांत. जोडायचं, घासायचं, रंगवायचं. यूसुफ नुसती खोकी उचलायचा. मागच्या खोलीत जोडकामाचं मेज होतं. त्यावरचा फिलिपिनो कारागीर मायदेशी गेला आणि यूसुफचा जीव त्या रिकाम्या मेजावर जडला.

मालक अबू फहद म्हणाला, "एक बना के दिखाओ. जुम्मा को उडेगा, टेबल तुम्हारा. नहीं उडेगा, कार्टन उठाओ. खलास!"

कवच होतं शैलेशचं. हा दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक, लातूरकडचा, इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर. हेलिकॉप्टर उडवण्यात पटाईत, पण जोडायला बसला की बोटंच चिकटायची. "यूसुफभाई," तो म्हणाला, "लाल-पांढरं करा बरं का, एकदम झ्याक! सापळा मी नंतर आत बसवतो."

दुकानातलं मेज अजून हाती नव्हतं, म्हणून यूसुफनं रिग्गईतल्या घरातच मांडामांड केली. सांधे असे बुजवले की मुंगीला शिरायला वाट नाही. रंग दिला तो आरशागत. घरभर सांधे चिकटवायच्या चिकाचा वास. बायको कुबरा नाकाला ओढणी लावून कांदा चिरायची. आणि मग एक दिवस न्हाणीघराचं दार आतनं बंद.

"अवो, आत काय करताव? मी न्हाऊ कुठं, पातेल्यात?"

"गप ऱ्हव गो! नाळ बघतोय."

यूसुफनं कवचाच्या पोटातली भोकं चिकटपट्टीनं बुजवली होती आणि ते टबभर पाण्यात सोडलं होतं. नाकानं मुंडी घातली. रेडकू! त्यानं मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या दोरीत ओवल्या, शेपटीच्या पोकळीत बांधल्या. नाक ऐटीत वर आलं. यूसुफ गाणं गुणगुणतच बाहेर आला.

शैलेशनं सापळा बसवताना विचारलं, "तोल बघितला का?"

"बापजाद्यांचा धंदा हाय आमचा," यूसुफ म्हणाला. शैलेशही रंगावर असा भाळलेला, की त्यानं पुन्हा बघितलंच नाही.

जुम्म्याला सगळे अबू हलीफा गावाच्या पलीकडे मोकळ्या माळावर. कुबरानं तांदळाची वाफवलेली सांदणं आणि तळलेली जुबेदी बांधून आणलेली. जुबेदी म्हणजे आपलं पापलेट, पण बाजारात पापलेट मागितलं तर कोण देणार? अबू फहद घडीच्या खुर्चीवर बसला होता, मांडीवर सांदणांची ताटली.

इंजिन गुरगुरलं. हेलिकॉप्टर वितीभर उठलं, नाक आभाळाकडं केलं, ढुंगणावर बसल्यासारखं झालं आणि निघालं मागं. सरळ अबू फहदवर. शैलेश रेडिओच्या डब्यावरची काडी पुढं रेटतोय आणि ते हट्टी म्हशीगत मागंच. मालक उठला, खुर्ची उलटली, सांदणं वाळूत. कसंबसं शैलेशनं ते खाली टेकवलं.

"यूसुफ!" मालक अंगरखा झटकत ओरडला, "ये तय्यारा पीछे क्यों जाता?"

यूसुफला कळलं, मेज गेलं, खोकी आली. "नाळ तर बरोबर होती," तो पुटपुटला. "पाण्यात बघितली मी."

"पाण्यात?" शैलेशचा आ वासला.

"टबात! दोन दिस बादलीनं न्हातंय मी!" कुबरा म्हणाली. सांडलेली सांदणं वेचता वेचता ती वर पंख्याकडं बघत होती. "अवो, होडी पाण्यावर बसते. ह्यां कशावर बसलंय? वरच्या पंख्याला टांगलंय. ह्यां शिंकाळां हाय. शिंकाळ्यात मडकां वाकडां ठेवलां तर सांडणार नाय काय?"

मग शैलेश खो खो हसत सुटला. "वहिनी, पंख्याच्या माथ्याला धरून उचलूनच तोल बघतात हो! अन् मीबी बघितला नाही, मीबी येडाच!"

दोघांनी पंख्याच्या माथ्यावरच्या आडव्या दांडीला दोन्हीकडनं धरून हेलिकॉप्टर उचललं. शेपूट भसकन खाली. यूसुफनं बगलेचं झाकण काढलं, दोरी ओढली. शिशाची माळ घरंगळत बाहेर आली. पुन्हा उचललं. शेपूट अजून जराशी जड. दोन गोळ्या नाकात चिकटवल्या. आता ते कसं समईगत सरळ लोंबलं.

ह्या खेपेला अबू फहद गाडीच्या आड उभा राहिला. हेलिकॉप्टर उठलं, जागेवर थांबलं, मग नाक किंचित खाली घालून माळावर पुढं निघालं. लाल-पांढरं अंग उन्हात चमकवत मोठा फेरा मारून परत आलं आणि मालकाच्या उलट्या खुर्चीशेजारी अलगद बसलं.

"टेबल तुम्हारा," अबू फहद म्हणाला आणि कुबराकडं वळला. "लेकिन खाना फिर से लाना. मेरा रेती में गया."

शनिवारी यूसुफनं मेजावर बसण्याआधी छताला हेलिकॉप्टर टांगायचा आकडा ठोकला. गिऱ्हाईकांनी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "शिंकाळ्याची विद्या हाय, सासुरवाडची." आठवड्याभरात एक गिऱ्हाईक पाण्यावर उतरणारं हेलिकॉप्टर घेऊन आलं, खाली तरंडं लावलेलं. ते ऐकलं आणि कुबरानं त्याच संध्याकाळी न्हाणीघराला कुलूप घातलं.