सात शिमग्यांचं गाऱ्हाणं

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एका कचेरीत टायपिस्ट होते. वय तिशीपलीकडे, लग्न नाही. शेजारच्या टेबलावरचा कारकूनही तिशीपलीकडचा आणि बिनलग्नाचा, पण त्याला सगळे ‘सडाफटिंग’ म्हणत. काय ऐटदार शब्द! ऐकला की वाटावं, गडी शीळ घालत गावभर सायकल फिरवतोय. मला मात्र पाठीमागे ‘राहिलेली’ म्हणत, डब्यातल्या भाजीला म्हणतात तसं. खवचट बायका ‘घोडनवरी’ म्हणत, आणि सज्जन लोक विचारत, “अजून हात पिवळे नाही झाले?” मे महिन्यात आंबे खाऊन माझे हात कोपरापर्यंत पिवळे असत, ते कुणी धरायला तयार नव्हतं.

शब्दांचं मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. भाड्याची खोली होती, पगार होता, संध्याकाळी बंदरावर चक्कर व्हायची. बांगड्याचं तिखलं एकटीने संपवण्याचं सुख तर विचारूच नका. माझं खरंच बरं चाललं होतं. ते फक्त वडिलांना पटत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा तरी माझ्याकडे काळजीशिवाय बघावं.

शिमग्याला मी एसटीने लांज्याजवळच्या आमच्या गावी जायची. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. अंगणात पालखी टेकली की घरधनी आपलं मागणं गावच्या मानकऱ्याला सांगतो आणि मानकरी ते खणखणीत आवाजात देवाला ऐकवतो. हे गाऱ्हाणं. त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

वडिलांचं मागणं सात वर्षं एकच होतं. “ही लेक तुज्या पायाशी उभी हाय, हिचं लगीन ठरू दे रं म्हाराजा!” मानकरी ओरडायचा.

“व्हय म्हाराजा!” अख्खी वाडी म्हणायची.

कचेरीत निदान पाठीमागे बोलत. इथे थेट देवाकडे तक्रार, तीही माझ्या देखत! मी रागाने ओठ घट्ट मिटून उभी राहायची.

आठव्या वर्षी, शिमग्याच्या थोडं आधी, वडील डोळे तपासायला रत्नागिरीत आले आणि चार दिवस माझ्या खोलीवर राहिले. माझ्या हातचं जेवले, माझ्याबरोबर बंदरावर आले. जाताना दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घातलं.

त्या शिमग्याला मानकऱ्याने मागणं विचारलंसुद्धा नाही. सवयीने सुरूच केलं, “ही लेक तुज्या पायाशी उभी हाय, हिचं—”

“थांबा,” वडील म्हणाले. “लग्नाचं नको. माज्या डोळ्यांनी बघून आलोय, ती सुखात हाय. हाय तशीच ठेव म्हणावं. येवढंच सांगा.”

मानकरी गडबडला. असलं गाऱ्हाणं त्याने जन्मात घातलं नव्हतं. घसा खाकरून म्हणाला, “ही लेक हाय तशी सुखात ऱ्हाऊ दे रं म्हाराजा!”

याला होकार द्यायचा की नाही, कुणालाच कळेना. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. वडील एकटे मान खाली घालून उभे होते, आणि मला त्यांची फार माया आली.

“व्हय म्हाराजा!” त्या शांततेत सगळ्यांत आधी ओरडले ती मीच.